आगाऊ मजकूर

रविवारी सकाळी शेवंती कोळीण कोलंबी देऊन गेली, तेव्हा दाजी खारकर ओटीवरच्या बाकावर बसून स्वतःची थट्टा ऐकण्याची वाट पाहत होते.

ही थट्टा दर आठवड्याला होई. ठाण्याचा ‘सह्यदीप’ शनिवारी निघे, कल्याणचा ‘उल्हासलहरी’ रविवारी, आणि दोन्हींत मिळून दाजींच्या वाट्याला निदान तीन टोमणे येत. अडीच वर्षांत एकही रविवार कोरडा गेला नव्हता. ‘उल्हासलहरी’ कल्याणचा असला तरी छापला जाई ठाण्यातच, ‘सह्यदीप’च्या छापखान्यात. त्यामुळे कल्याणच्या वाचकांनी दाजींना हसण्याआधी दाजींनी ते ऐकलेले असे.

ऐकलेले, कारण वाचता येत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वाचून दाखवी सरस्वती, त्यांची एकुलती एक मुलगी. ती आता बत्तीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती खारकर आळीतल्या या घरी परत आली, तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक आणि हातात एक पुस्तक होते. दाजींनी विचारले होते, “कुठवर आलंय?” ती म्हणाली, “निम्म्यावर.” “मग पुढं वाच,” ते म्हणाले, आणि बापलेकींचे सांत्वन तिथेच आटोपले. त्यानंतर तिने घरातली दोन कपाटे वाचून संपवली, मग वाचनालयातली दाजींच्या नावावर आणलेली पुस्तके. वाचनालयाच्या चिटणिसांना दाजींच्या वाचनाचे मोठे कौतुक होते.

“फणसे काय म्हणतात?” दाजींनी विचारले.

सरस्वतीने ‘उल्हासलहरी’ उघडला आणि पंचांग वाचावे तशा आवाजात वाचले, “‘टाचणी यांजकडून कळते की, येत्या श्रावणात शहाडास नदीला आलेला पूर ओसरला. मनुष्यहानी झाली नाही. — चिमटा.’”

“एवढंच?”

“एवढंच.”

“फणशाला सर्दी झालेली दिसते.”

‘टाचणी’ म्हणजे स्वतः दाजी. या नावाने त्यांनी ‘सह्यदीप’मध्ये एकोणीस वर्षे स्तंभ लिहिला होता. ‘चिमटा’ म्हणजे कल्याणचे भाऊ फणसे. तिसरे ‘एक निःपक्षपाती’. हे आनंदराव. दाजींचा स्तंभ काढून घेतल्यावर तो यांना मिळाला, आणि बसायला जागा मिळाली की आधीच्या बसलेल्याची धूळ झटकतात तसे ते दर शनिवारी दाजींना झटकत.

“निःपक्षपाती?”

“‘पुढील महिन्यात एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या मुलाचे लग्न आहे. टाचणी यांनी नातवाच्या बारशाचा वृत्तांत कृपा करून इतक्यात पाठवू नये.’”

“नातू नको, नात हवी. आणि ती कोणावर गेलीय ते हवं. थापेला तपशील लागतो, तो आनंदरावाला कधी कळायचा नाही.” दाजींनी हात पुढे केला. “कार्ड आण. फणशाला सांगू, त्याला निदान समजतं तरी.”

हा प्रकार दीड वर्षे चालला होता. आपल्यावरचा विनोद ढिला पडला की दाजी फणशांना पोस्टकार्ड पाठवून तो कसा आवळावा ते कळवीत. फणशांनी पहिल्या कार्डाला उत्तर दिले नव्हते, पण पुढच्या रविवारी विनोद आवळलेला होता. तेव्हापासून कार्डे जात, उत्तरे येत नसत, आणि विनोद सुधारत चालले होते.

सरस्वतीने दौत पुढे ओढली. दाजी सांगू लागले, “रा. रा. भाऊसाहेब फणसे यांसी सप्रेम नमस्कार. पूर बरा आहे, पण ‘मनुष्यहानी झाली नाही’ हे सरकारी झाले. असे करा. ‘टाचणी हे येत्या श्रावणातील पूर पाहावयास होडीने गेले होते. ते भिजून परत आले व हल्ली सर्दीने आजारी आहेत. मंडळींनी समाचारास येण्याची घाई करू नये.’ लिहिलंस?”

“लिहिलं.”

“घाई करू नये. हे शेवटी. त्याच्यापुढं काही नको.”

सरस्वतीने त्याच्यापुढे पूर्णविराम दिला. मग ती बराच वेळ टाक पुसत राहिली. पुसण्यासारखे त्यावर काही उरले नव्हते. दर रविवारी कार्ड लिहून झाले की तिच्या तोंडाशी एकच वाक्य येई, आणि दर रविवारी स्वयंपाकघरात काहीतरी उतू जाई.

“दादा,” ती म्हणाली.

“काय गं?”

“कोलंबीत कैरी नाही मिळाली. कोकम घालू?”

“घाल. मीठ बेतानं.”

ती उठली. सोळा वर्षे ती बापासाठी मासळी रांधत होती आणि सोळा वर्षांत तिने ती चाखली नव्हती. मीठ ती वासावरून घाली. दाजी जेवताना ‘बरोबर’ किंवा ‘कमी’ म्हणत. ‘जास्त’ म्हणण्याची वेळ तिने कधी आणली नव्हती. त्या दिवशी ते ‘बरोबर’ म्हणाले. ठमाबाईने, म्हणजे कळव्याहून भांड्याधुण्याला येणाऱ्या बाईने, जाताना कार्ड नेऊन पोस्टाच्या पेटीत टाकले. बाकी काही झाले नाही.

जे झाले होते ते अडीच वर्षांपूर्वी, आषाढात.

कल्याणच्या मामलेदारांची बदली झाली होती. रावसाहेब चार वर्षे तिथे होते आणि त्या चार वर्षांत त्यांना हसताना कोणी पाहिलेले नव्हते. तरी अशा वेळी पानसुपारी करायची असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी देवळाच्या धर्मशाळेत ती ठरली. ‘सह्यदीप’ शुक्रवारी दुपारी तीनला छापायला जाई. आता संध्याकाळची पानसुपारी दुपारच्या अंकात यायची तर ती बुधवारीच लिहावी लागणार, हे उघड आहे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. पानसुपारी म्हणजे हार, गुलाबपाणी, अत्तर, विडे, एक भाषण, आणि ‘मंडळी जड अंतःकरणाने घरोघर गेली’. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे स्तंभवाले ती आगाऊच लिहीत. होऊन गेल्यावर लिहिली असती तरी तिच्यात काही फरक पडला नसता.

त्या बुधवारी दाजी तापाने फणफणले होते. छापखान्यातला, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा काळुराम मजकुराला दाराशी येऊन उभा राहिला. सरस्वती आत जाऊन दादांना विचारून आली. दादा बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सरस्वतीच्या आईशी बोलत होते. पानसुपारीबद्दल त्यांना काही सांगायचे नव्हते.

“बाय, कालम रिकामा जायाचा,” काळुराम म्हणाला.

“बस जरा,” सरस्वती म्हणाली.

चार वर्षे ती दाजींचे सांगणे उतरवून घेत होती. पानसुपारी तिने कधी पाहिली नव्हती. पानसुपारीला बाया नसतात, विधवा तर नाहीच. पण तिने चाळीसएक पानसुपाऱ्या वाचल्या होत्या आणि वीसेक उतरवल्या होत्या. ती लिहायला बसली. हार झाले, गुलाबपाणी झाले, भाषण झाले. मग तिचा हात थांबेना. तिने शहाडचा एक म्हातारा नावाडी आणला. त्याच्या हाती नारळ दिला. रावसाहेबांनी नारळ घेतला, बोलायला तोंड उघडले, आणि त्यांना शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी आले. ते पुसायला त्यांनी उपरण्याचे टोक शोधले, तर ते नावाड्याच्या मुठीत होते. तो त्यांना सोडायला तयार नव्हता.

हे लिहून झाल्यावर सरस्वतीने ते एकदा वाचले आणि काळुरामाला दिले. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

शुक्रवारी दुपारी बाराला कल्याणास तार आली की बदली रद्द. पानसुपारी रद्द झाली. विडे लावून तयार होते ते कचेरीत वाटले. हार देवाला गेले. तीनला ठाण्यात ‘सह्यदीप’ छापला गेला. शनिवारी सकाळी रावसाहेब आपल्या खुर्चीवर बसले असताना त्यांनी वाचले की आपण काल संध्याकाळी रडलो. त्यांनी दुसरी प्रत मागवली आणि तीही वाचली. मग नावाड्याचे नाव काय, याची लेखी विचारणा केली.

‘सह्यदीप’चे मालक शनिवारी दुपारी खारकरांच्या ओटीवर आले. दाजींचा ताप सकाळीच उतरला होता. सरस्वती माजघराच्या दाराआड उभी होती.

“दाजीसाहेब, हे काय?” मालक म्हणाले.

“तापानं डोळे चुरचुरतायत. वाचा,” दाजी म्हणाले.

मालकांनी वाचले. दाजींनी शेवटपर्यंत ऐकले. उपरण्याच्या वाक्याशी त्यांनी मान किंचित हलवली.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“स्तंभ कोणाचा आहे?”

“तुमचा.”

“मग?”

“तापात लिहिलंत?”

“ताप आला म्हणून का हात थांबतो?”

मालक स्तंभ काढून घेऊन गेले. प्रुफे मात्र काढून घेतली नाहीत, कारण दाजींइतके चोख प्रूफ वाचणारा ठाण्यात दुसरा नव्हता. ती प्रुफेही सरस्वतीच वाची, हे मालकांना ठाऊक नव्हते. मालक गेल्यावर दाजींनी पाणी मागितले. ते प्यायले, भांडे परत दिले आणि म्हणाले, “उपरण्याचं चांगलं जमलंय.”

त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. पहिल्या दिवशी न बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बोलायला जड जाते, आणि महिन्याने तिला जागाच उरत नाही. दाजींनी का झाकले हे सरस्वतीला कळत होते. दाजींना दोन वर्तमानपत्रे हसली. विधवा मुलगी वर्तमानपत्रात लिहिते म्हटल्यावर प्रत्येक ओटी हसली असती, आणि ते हसणे आठवड्यातून एकदा नसते. हे तिला कळत होते, आणि कळणे तिच्या सोयीचेही होते. टोचायचे ते हेच.

एकदाच तिने तोंड उघडले, तेही भलत्या बाजूने. काळुरामाने तिला सांगितले होते की फणशांचा पानसुपारीचा मजकूरही गुरुवारीच जुळवून ठेवला होता, तो शनिवारी मोडावा लागला. फणशांच्या मजकुरात रावसाहेब अर्धा तास बोलले होते आणि रडले नव्हते. “दोन दिस जुलवला बाय, न् खबर आली तशी येका घटकेत मोरला. माजीच बोटां कामाला लागली.” सरस्वतीने हे दाजींना सांगितले आणि ती म्हणाली, “तुम्ही हे छापा की.”

“फणशाचा अंक रविवारी निघतो हे त्याचं नशीब,” दाजी म्हणाले. “नशिबावर टीका करीत नाहीत.”

तर त्या रविवारी कार्ड गेले, कोलंबीचे मीठ बरोबर निघाले, आणि सोमवारी सकाळी गणू न्हावी दाढीला आला. दाजी बाकावर भिंतीला टेकून बसले होते. गणूने साबण लावला. दाढी चालू असताना दाजींना बोलायची सवय होती आणि गणूला ‘होय’ म्हणायची. उजवा गाल झाल्यावर गणूच्या ध्यानात आले की आपण बराच वेळ ‘होय’ म्हटलेले नाही.

“बाईसाहेब,” तो दारातून म्हणाला, “दाजीसाहेब काही बोलत नाहीत.”

सरस्वती बाहेर आली. तिने दादांच्या हाताला हात लावला, मग मनगटाला, मग कपाळाला. आळीत तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील; कोणाकडे तरी पापडाचे पीठ कुटण्याचा आवाज चालला होता.

“डावा गाल राहिलाय,” ती म्हणाली. “पुरा कर.”

गणूने पुरा केला. कुठे कापले नाही.

पुढच्या रविवारी, म्हणजे सातव्या दिवशी, ‘उल्हासलहरी’ आला. तिसऱ्या पानावर ‘चिमटा’ होता: ‘टाचणी हे येत्या श्रावणातील पूर पाहावयास होडीने गेले होते. ते भिजून परत आले व हल्ली सर्दीने आजारी आहेत. मंडळींनी समाचारास येण्याची घाई करू नये.’ चौथ्या पानावर काळ्या चौकटीत दाजींच्या निधनाची बातमी होती.

गावाने फणशांना फार नावे ठेवली. मेल्या माणसाच्या चितेवर विडी पेटवणारा, असे एकजण म्हणाला आणि ते सगळ्यांना आवडले, म्हणून सगळे तेच म्हणू लागले. समाचाराला येणाऱ्या बायका सरस्वतीला विचारीत, “वाचलंस का गं ते मेलं?” ती “वाचलं” म्हणे. ‘करू नये’पुढे पूर्णविराम होता. त्याच्यापुढे काही नव्हते.

दिवसपाणी आटोपल्यावरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता शोकसभा ठरली. ती वाचनालयात व्हायची, पण दिवाणखान्याची किल्ली चिटणिसांकडे होती आणि चिटणीस पुण्याला गेले होते. मग खारकरांच्याच ओटीवर भरवायची ठरली. आनंदराव पुढाकार घेत होते.

त्या दिवशी दुपारी बाराला काळुराम नेहमीसारखा प्रुफे घेऊन आला. दाजी गेले तरी प्रुफे वाचायची राहणार होतीच, आणि ती कोण वाचते हे काळुरामाला पहिल्यापासून माहीत होते; मालकांना त्याने विचारलेच नव्हते. तो उंबऱ्याबाहेर बसला. सरस्वती वाचू लागली. पहिले पान, दुसरे पान. तिसऱ्या पानावर ‘एक निःपक्षपाती’ होते.

‘काल शुक्रवारी सायंकाळी कै. दाजी सीताराम खारकर यांच्या राहत्या घरी शोकसभा भरली. सभास्थान भरून गेले होते. रा. रा. आनंदराव यांचे भाषण अत्यंत हृदयद्रावक झाले. कैलासवासींच्या लेखणीकडून आयुष्यात एकदाच जी गफलत घडली, ती सभेने उदार अंतःकरणाने विसरल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. कैलासवासींची कन्या दाराआड होती. शोकावेगाने तिला एक शब्दही बोलवला नाही. मंडळी जड अंतःकरणाने घरोघर गेली.’

सरस्वतीने ते दोनदा वाचले. मग टाक घेऊन ‘हृदयद्रावक’मधला उलटा बसलेला खिळा दुरुस्तीला लावला आणि ‘लेखणी’ची वेलांटी सरळ केली. शोकावेगाच्या ओळीवर टाक थोडा वेळ थांबला. त्या ओळीत चूक नव्हती. अजून तरी नव्हती.

“बाय, काय बाकी हाय?” काळुरामाने विचारले.

“नाही.”

“छापू?”

“छापा.”

तो उठला, दोन पावले गेला आणि परत फिरला. बाकाकडे बघत म्हणाला, “बाय, तवा तुमी मना बस बोल्लाव, ना मी बसलू. उठून गेलू असतू त बरा झाला असता.”

“कॉलम रिकामा गेला असता, काळुराम.”

“त्या बी हायेच,” काळुराम म्हणाला आणि गेला.

पाच वाजता मंडळी जमली. ‘सभास्थान भरून गेले होते’ हे खरे ठरले. ओटी लहान होती आणि अकरा माणसे आली होती. बाकावर कोणी बसेना, म्हणून ते रिकामे राहिले. आनंदराव ऐसपैस बसले होते. ज्याचा मजकूर छापून झालेला आहे अशा माणसाला सभेची काळजी नसते. कल्याणहून फणसे आले. बारीक, वाकलेले, हातात छत्री. त्यांना पाहून मंडळी थोडी सरकून बसली. जागा करून द्यायला नव्हे.

सरस्वती माजघराच्या दाराआड उभी राहिली. ठमाबाई तिच्या मागे बसली.

आनंदरावांचे भाषण झाले. ते हृदयद्रावक होते की नाही यावर मतभेद होऊ शकेल. लांब मात्र होते. मग त्यांनी खिशातून कागद काढून ठराव वाचला. “‘...कैलासवासींच्या लेखणीकडून आयुष्यात एकदाच जी गफलत घडली, ती ही सभा उदार अंतःकरणाने विसरत आहे.’ अनुमोदन कोण देतं?”

“विसरत आहे?” फणसे म्हणाले. “मी नाही बुवा विसरलो. अडीच वर्षं त्यावर लिहितोय मी.”

“भाऊसाहेब, निदान आज तरी...”

“आज तरी काय? माझं अनुमोदन नाही, एवढंच. विसरलो तर लिहू काय?” फणशांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. “आणि त्या होडीच्या मजकुराचं म्हणाल, तर तो माझा नव्हता. त्यांचंच कार्ड होतं. ते गेल्याचं कळलं त्याच दिवशी पोचलं. तुम्ही सगळे मला विडी पेटवणारा म्हणता, कल्याणपर्यंत आलं माझ्या कानावर. मी दोन दिवस ते कार्ड घेऊन बसलो. मग छापलं. काय करणार? चांगलं होतं.”

 मागच्या बाजूने एकाला हसू आले. त्याने ते खोकला करून काढले.

“बरं,” आनंदराव म्हणाले, “भाऊसाहेब तटस्थ. बाकी मंडळींचं अनुमोदन आहेच. तेव्हा एकमताने मंजूर धरू. त्यांच्या हातून चूक झाली, आपण ती विसरलो, विषय संपला.”

सरस्वतीच्या हाताखाली दाराची चौकट होती. सोळा वर्षे, ओटीवर मंडळी असली की, तिचा आवाज या चौकटीच्या अलीकडेच राहिला होता. छापलेला ठराव उद्या ठाण्यात आणि कल्याणात वाचला जाणार होता, आणि मग दादांची चूक ही दादांचीच चूक राहणार होती, माफ केलेली, चौकटीतली, कायमची.

ती दारात आली.

“थांबा,” ती म्हणाली.

अकरा माणसांनी वर पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. कोणी भिंतीकडे, कोणी आपल्या पायांकडे. फणसे तेवढे पाहत राहिले.

“आनंदराव, अंक निघाला?”

“निघाला की. तीनलाच,” आनंदराव आपल्या गुडघ्याशी बोलले. “का बरं, ताई?”

“त्यात मला एक शब्दही बोलवला नाही, असं छापलंय.”

“तुम्हाला कसं...”

“प्रुफं मी वाचते. सहा वर्षं मीच वाचतेय. दादांना दिसत नव्हतं.”

आनंदरावांनी आता वर पाहिले. अंक निघाला होता, गठ्ठे बांधले गेले होते, आणि अंकात बोलवले नाही असे छापलेली बाई समोर उभी राहून बोलत होती. त्यांचा चेहरा अडीच वर्षांपूर्वी एखाद्या मामलेदाराचा झाला असेल तसा झाला.

“ताई, तुम्ही आत बसा,” ते घाईने म्हणाले. “दुःखात माणूस काहीबाही बोलून जातं. मंडळी ते मनावर घेणार नाहीत.”

“मी अजून काही बोललेच नाही.”

“बाय,” ठमाबाई मागून हळूच म्हणाली. ती थांब म्हणत होती की बोल म्हणत होती, ते कळले नाही.

सरस्वतीने बाकाकडे पाहिले. भिंतीवर दाजी टेकत त्या जागी तेलाचा डाग होता. तिने ठरवले होते तसे आवाज पंचांग वाचण्याचा ठेवला, आणि पहिल्या शब्दाला तो तसा राहिलाही.

“रावसाहेबांच्या पानसुपारीचा तो मजकूर दादांचा नव्हता. ते तापात होते. छापून आल्यावर मालकांनी वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. तो मी लिहिला. नारळ, नावाडी, उपरणं, सगळं माझं. त्यांनी आपल्या नावावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. हे मी कधी बोलले नाही, त्यांच्याजवळसुद्धा नाही.” ती बाकाकडे वळली. “दादा, तो मी लिहिला होता. रावसाहेबांना मी रडवलं.”